पर्वताच्या पोटांतील अग्नि व गुरुत्वमापक यंत्र

(लेखक : एक निवृत्त शिक्षक, कसबा बावडा, कोल्हापूर)

तर्कशास्त्राचें अध्ययन आरंभणाऱ्या विद्यार्थ्यास अनुमानाचें जें पहिलें उदाहरण भेटतें तें पर्वतावरील अग्नीचें. दूर डोंगरावर धूर दिसतो, अग्नि दिसत नाहीं. परंतु जेथें धूर तेथें अग्नि ही व्याप्ति घरांतल्या चुलीपासून आपल्या परिचयाची असते, म्हणून डोंगरावर अग्नि आहे असें आपण निःशंकपणें म्हणतों. हें उदाहरण पाठशाळांतून शेंकडों वर्षें घोकलें गेलें आहे. परंतु ज्याच्या माथ्यावर नव्हे तर पोटांतच अग्नि आहे, अशा ज्वालामुखी पर्वताच्या पायथ्याशीं राहणाऱ्या माणसाला या अनुमानाचा फारसा उपयोग नाहीं. तेथें धूर दिसूं लागेपर्यंत कित्येकदां वेळ टळून गेलेली असते. त्याला पाहिजे असतो धुराच्या आधींचा हेतु. असा एक हेतु गेल्या अर्धशतकांत शास्त्रज्ञांच्या हातीं आला आहे; तो म्हणजे पर्वताखालील द्रव्याचें गुरुत्व. पाठीवर किंवा हातांत नेतां येईल अशा लहानशा यंत्रानें डोंगराखालीं शिलारस भरत आहे कीं ओसरत आहे हें ताडण्याची ही विद्या कशी आहे, तिची पोंच किती, आणि ती कोठें फसते, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

न दिसणारें गुरुत्व

वैशेषिक शास्त्रकारांनीं गुरुत्व हा पृथ्वी व जल यांचा एक गुण मानला. आणि तो इंद्रियांना प्रत्यक्ष होत नाहीं, वस्तु खालीं पडते त्यावरून अनुमानानेंच तो जाणावा लागतो, असें स्पष्ट सांगितलें. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें सिद्धांतशिरोमणि रचला. त्यांतील गोलाध्यायांत, पृथ्वीच्या ठिकाणीं आकर्षणशक्ति असून ती निराधार जड वस्तूस आपल्याकडे ओढते, असा आशय आहे. ही ओढ सर्व ठिकाणीं सारखीच असते कीं स्थळपरत्वें बदलते, हा प्रश्न मात्र पुढें युरोपांत एका घड्याळामुळें उपस्थित झाला.

इ. स. १६७२ मध्यें ज्यां रिशे नांवाचा फ्रेंच ज्योतिषी दक्षिण अमेरिकेंत विषुववृत्ताजवळ केयेन येथें वेधांसाठीं गेला. पॅरिसमध्यें बिनचूक चालणारें लंबकाचें घड्याळ तेथें रोज सुमारें अडीच मिनिटें मागें पडूं लागलें. घड्याळांत बिघाड नव्हता. तेथें पृथ्वीची ओढच किंचित् कमी होती, म्हणून लंबक मंद झुलत होता. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी व मध्यावर फुगीर आहे, शिवाय ती स्वतःभोंवतीं फिरते. या दोन कारणांनीं हा फरक पडतो, असा उलगडा न्यूटननें पुढें केला. विषुववृत्तावर साठ किलो भरणाऱ्या माणसाचें वजन ध्रुवावर सुमारें तीनशें ग्रॅमनीं अधिक भरेल.

येथें घरांतील एखादा चौकस मुलगा विचारील कीं, हें वजन कोणत्या कांट्यावर करावयाचें? प्रश्न मार्मिक आहे. सोनाराच्या तराजूवर हा फरक कधींच दिसणार नाहीं. कारण एका पारड्यांतील सोन्याची ओढ जितकी कमी होईल, तितकीच दुसऱ्या पारड्यांतील मापाचीही होईल. येथें स्प्रिंगचा कांटाच पाहिजे. स्प्रिंगचा जोर तिच्या स्वतःच्या धातूंत असतो, तो पृथ्वीच्या ओढीवर अवलंबून नसतो. म्हणून ओढ बदलली कीं स्प्रिंग कमीअधिक ताणली जाते.

आपल्याच मुलखांतील दाखला घ्यावयाचा तर, कसबा बावड्याच्या शिवारांतून वायव्येकडे पाहिलें कीं जोतिबाचा डोंगर व पन्हाळा नजरेस पडतात. पन्हाळ्याचा माथा कोल्हापूरच्या सपाटीहून सुमारें चारशें मीटर उंच आहे. पृथ्वीच्या मध्यापासून जितकें दूर जावें तितकी ओढ कमी. उलट पायांखालीं डोंगराचा जो जादा दगड आला त्याची ओढ थोडी अधिक. दोहोंची वजाबाकी केली असतां, आमच्या गांवीं साठ किलो भरणारा मनुष्य पन्हाळ्यावर सुमारें पांच ग्रॅमनीं हलका भरेल. या छोट्या हिशेबांत पुढील सर्व विषयाचें बीज आहे. गुरुत्व दोन कारणांनीं बदलतें : एक, आपण वर-खालीं गेलों म्हणून, आणि दुसरें, आपल्या खालचें द्रव्य वाढलें किंवा घटलें म्हणून.

या ओढीच्या मापास गॅलिलिओच्या नांवावरून ‘गॅल’ म्हणतात. कोल्हापूराकडे ही ओढ सुमारें ९७८ गॅल आहे. गॅलचा हजारावा भाग मिलिगॅल, आणि दहा लाखावा भाग मायक्रोगॅल. म्हणजे मायक्रोगॅल हा एकंदर ओढीचा जवळजवळ शंभर कोटींवा हिस्सा झाला. उंची एक मीटरनें वाढली कीं ओढ सुमारें ३०८ मायक्रोगॅलनीं घटते. घराच्या जिन्याची एक पायरी चढलें तरी चाळीस-पन्नास मायक्रोगॅलचा फरक पडतो. ज्वालामुखीच्या पोटांतील हालचालीनें गुरुत्वांत होणारे बदल पुष्कळदां याच मानाचे असतात. सबंध डोंगराखालीं काय घडत आहे हें जिन्याच्या पायरीएवढ्या फरकांतून ओळखावयाचें, असें हें नाजूक काम आहे.

लंबकापासून हातांतील पेटीपर्यंत

डोंगराच्या ओढीचें माप घेण्याचा प्रारंभींचा एक प्रयत्न ज्वालामुखी पर्वतावरच झाला, हा योगायोग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. पृथ्वीचा आकार मोजण्यासाठीं दक्षिण अमेरिकेंत गेलेल्या बूगे व ला कोंदामीन या फ्रेंच पंडितांनीं १७३८ मध्यें चिंबोराझो या निद्रिस्त ज्वालामुखीजवळ ओळंबा सोडून, पर्वत त्याला आपल्याकडे किती खेंचतो हें पाहिलें. ओळंबा कललेला आढळला, पण गणितानें जितका कलावयास हवा होता त्याहून फारच कमी.

आपल्या देशांतही असाच अनुभव आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय पाहणींत, हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढतो खरा, पण एवढ्या प्रचंड पर्वतानें जितकें ओढावें तितकें ओढीत नाहीं, असें दिसून आलें. कलकत्त्याचे धर्माधिकारी प्रॅट यांनीं १८५५ मध्यें हें गणित मांडलें. पर्वतांच्या खालीं खोलवर हलकें द्रव्य असलें पाहिजे, ही कल्पना त्यांतून निघाली. तिची परीक्षा करण्यासाठीं १८६५ पासून कॅप्टन बासेव्ही या अधिकाऱ्यानें देशांत ठिकठिकाणीं लंबक झुलवून गुरुत्व मोजण्यास आरंभ केला. एकेका ठाण्यावर कित्येक दिवस मुक्काम करावा, लंबक निर्वात पात्रांत झुलवावा, त्याचे झोके मोजावे, असें तें काम होतें. अखेर १८७१ च्या जुलै महिन्यांत लडाखमधील मोरे पठारावर, पंधरा हजार फुटांहून अधिक उंचीवर काम करीत असतांना त्यांचा अंत झाला. उरलेलें काम हेव्हिसाइड यांनीं पुरें केलें. ज्या मोजणीस त्या वेळीं दिवसच्या दिवस लागत, ती आज कांहीं मिनिटांत होते. हा पालट कसा घडला तें पाहूं.

१९३२ च्या सुमारास अमेरिकेंतील टेक्सास विद्यापीठांत लुशियन लाकोस्ट हा विद्यार्थी शिकत होता. त्याचे गुरु आर्नल्ड रोम्बर्ग यांनीं त्याला भूकंपाचें हेलकावे टिपणारें, अतिमंद झुलणारें यंत्र रचण्याचा प्रश्न घातला. तो सोडवितांना त्याला एक अपूर्व स्प्रिंग सुचली. ती अशी वळलेली असते कीं तिचीं वेटोळीं एकमेकांवर आपणहून दाबून बसतात, आणि तिचा ताण तिच्या एकंदर लांबीच्या प्रमाणांत असतो. आडव्या दांडीच्या टोंकास वजन लावून ही स्प्रिंग तिला तिरपी जोडली, म्हणजे दांडी अशी नेमकी तोलली जाते कीं ओढींत अत्यल्प फरक पडला तरी ती डोळ्यांस दिसण्याइतकी खालीं-वर होते. गुरुशिष्यांनीं पुढें याच तत्त्वावर गुरुत्वमापक यंत्रें तयार केलीं. त्यांचें पुढील काळांतील यंत्र पेटी व बॅटरी यांसह सुमारें दहा किलोंचें होतें, व तें जगभर डोंगरांतून हिंडलें. वर्डन यानें केलेलें दुसरें एक यंत्र तर गारगोटीच्या स्फटिकापासून ओढलेल्या नाजूक तंतूंचें असून चहाच्या थर्मासासारख्या निर्वात भांड्यांत बसविलेलें असे. अलीकडील स्वयंचलित यंत्रें सुमारें आठ किलोंचीं असून मायक्रोगॅलपर्यंतचे आंकडे पडद्यावर दाखवितात.

यंत्र वापरण्याची रीत मात्र कोणाही गृहिणीस कळेल इतकी साधी आहे. तिपाईवर यंत्र ठेवावें, पाणसळीनें तें समतल करावें, थोडें शांत होऊं द्यावें, आंकडा टिपावा, आणि पुढच्या ठाण्यावर जावें. परंतु स्प्रिंग कितीही उत्तम असली तरी दिवसभरांत किंचित् सैलावते. वाटेंत हिसके बसले तरी आंकडा सरकतो. म्हणून शोधक डोंगरापासून दूरच्या एका पक्क्या ठाण्यावरून सकाळीं निघतो व संध्याकाळीं तेथेंच परत येऊन पुन्हां माप घेतो. मधला फरक सर्व मापांत वांटून टाकावयाचा. शिवाय समुद्रास जशी भरती-ओहोटी येते तशी चंद्रसूर्यांच्या ओढीनें गुरुत्वासही येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास हा चढउतार सर्वांत मोठा, दोन-तीनशें मायक्रोगॅलपर्यंत असूं शकतो. त्याचें गणित आपल्या पंचांगकर्त्यांच्या ग्रहगणितासारखें आधींच करतां येतें व तें वजा घालावें लागतें. एवढी काळजी घेऊनही डोंगराळ प्रदेशांत दहा-पंधरा मायक्रोगॅलची चूक राहतेच.

एका हेतूनें भागत नाहीं

आतां मुख्य विषयाकडे वळूं. समजा, एखाद्या ज्वालामुखीवर वीस ठाणीं ठरविलीं, व दरवर्षीं तेथें जाऊन गुरुत्व मोजलें. यंदां माथ्याजवळ तें शंभर मायक्रोगॅलनीं कमी भरलें. याचा अर्थ काय? खालचा शिलारस निघून गेला म्हणून तें कमी झालें असेल. पण डोंगर फुगून जमीन एक हातभर वर उचलली गेली असेल, तरीही तेवढेंच कमी होईल. पहिल्या अर्थानें कदाचित् धोका टळला. दुसऱ्या अर्थानें तो जवळ आला. न्यायशास्त्रांत अशा हेतूस अनैकांतिक म्हणतात : तो साध्य असेल तेथेंही आढळतो आणि नसेल तेथेंही. केवळ त्यावर भिस्त ठेवून गांव उठवावा किंवा उठवूं नये, असा निर्णय देणें धोक्याचें आहे.

यावर उपाय एकच : त्याच ठाण्याची उंचीही त्याच वेळीं मोजावयाची. पूर्वीं हें काम सर्व्हेच्या पट्टीनें व दुर्बिणीनें होत असे. आज तें उपग्रहांच्या साह्यानें होतें. मग हिशेब असा बसतो. जमीन जितकी उचलली तेवढ्यापुरतेंच गुरुत्व घटलें, तर डोंगर फुगला पण नवें द्रव्य फारसें आलें नाहीं. गुऱ्हाळांत काहिलींतला रस उकळूं लागला कीं फेस कांठापर्यंत चढतो. रस वाढलेला नसतो, तो फुगलेला असतो, त्यांतला प्रकार. जमीन उचलली पण गुरुत्व अपेक्षेहून कमी घटलें, तर खालीं नवें द्रव्य येऊन बसलें. आणि जमीन जागची हलली नाहीं, तरी गुरुत्व वाढलें, तर आंतील रिकाम्या फटी कशानें तरी भरत आहेत. हा तिसरा प्रकार सर्वांत फसवा; कारण नुसती उंची मोजणारा म्हणेल कीं, डोंगर शांत आहे.

हवाई बेटांतील किलाउआ पर्वतावर नेमकें हेंच दिसून आलें. २९ नोव्हेंबर १९७५ रोजीं तेथें मोठा भूकंप झाला. पर्वताचा माथा खचला, आणि गुरुत्वमापनावरून कळलें कीं माथ्याखालचा शिलारस निघून जाऊन आंत बरीच पोकळी राहिली आहे. पुढें तीन दशकें, २००८ पर्यंत, शोधक तीच यंत्रें घेऊन त्याच ठाण्यांवर पुनःपुन्हां गेले. या अवधींत माथा फुगला नाहीं, उलट एकंदरींत खचतच गेला. तरीही हालेमाउमाउ नांवाच्या विवराच्या आसपास खालचें द्रव्य वाढत असल्याचें गुरुत्वावरून निघत होतें. ती पोकळी शिलारसानें भरून येत होती. मार्च २००८ मध्यें त्याच विवरांत नवें मुख उघडलें व तेथें पुढें लाव्ह्याचें सरोवर बनलें. या दीर्घ मापनमालेचा पुरता उलगडा उद्रेकानंतर झाला हें खरें. परंतु पुढच्या पिढीला शिकवण मिळाली ती हीच कीं, जमीन स्वस्थ दिसते म्हणून तिच्या पोटांतही स्वस्थता आहे, असें समजूं नये.

या सरोवरानें आणखी एक नवल दाखविलें. मार्च २०११ मध्यें पर्वताच्या कुशींत दुसरीकडे तडा जाऊन सरोवराची पातळी झपाट्यानें उतरली. कांठावर अखंड चालूं असलेल्या गुरुत्वमापकावर त्या उताराची नोंद झाली, आणि किती घनफळ गेलें व त्याचें वजन किती, यांच्या भागाकारानें लाव्ह्याची घनता काढतां आली. ती पाण्याहूनही किंचित् कमी निघाली! घट्ट काळ्या दगडाचा रस पाण्याहून हलका, याचा अर्थ वरचा थर वायूंच्या बुडबुड्यांनीं भरलेला निव्वळ फेस होता. मे २०१८ मध्यें हें सरोवर रितें झालें, पूर्वेकडील उतारावर लाव्हा बाहेर पडला व सातशेंहून अधिक घरें नष्ट झालीं.

पोझुओलीचा प्रश्न

ही विद्या मनुष्यवस्तीच्या प्रश्नाशीं कशी भिडते, याचें उदाहरण इटलींत नेपल्सजवळील पोझुओली शहराचें आहे. हें गांव एका अतिविस्तीर्ण ज्वालामुखीच्या मुखांतच वसलेलें आहे. तेथील प्राचीन बाजाराच्या दगडी खांबांना समुद्रांतील शिंपल्यांनीं पाडलेलीं भोकें माणसाच्या उंचीहून वर दिसतात. म्हणजे ती जमीन शतकानुशतकें समुद्रांत बुडून पुन्हां वर आलेली आहे. १९८२ ते १९८४ या दोन वर्षांत हें शहर सुमारें १.८ मीटर वर उचललें गेलें. घरांना तडे गेले, धक्के बसत राहिले, आणि सुमारें चाळीस हजार लोकांना घरें सोडावीं लागलीं. त्या काळांत घेतलेल्या मापांवरून असें दिसलें कीं, जमीन जितकी उचलली तितक्या मानानें गुरुत्व घटावयास पाहिजे होतें, त्याच्या सुमारें तीन-चतुर्थांशच तें घटलें. अर्थात् खालीं नवें द्रव्य आलें होतें. परंतु तें द्रव्य शिलारस होतें कीं खडकांत शिरलेलें तापलेलें पाणी, यावर पंडितांत आजतागायत वाद आहे. उद्रेक झाला नाहीं. जमीन पुढें खचूं लागली. २००५ पासून ती पुन्हां वर येत आहे. ज्या कुटुंबांनीं एकदां बिऱ्हाडें हलविलीं त्यांच्या नातवंडांना आज पुन्हां तोच प्रश्न पडला आहे. आकड्याचा अर्थ लावण्यांत येथें शास्त्रज्ञाची किती मोठी जबाबदारी आहे, हें वाचकांच्या लक्षांत येईल. नाहक घरें सोडावयास लावलीं तर लोकांचा विश्वास उडतो. आणि योग्य वेळीं सांगितलें नाहीं तर प्राण जातात.

पाण्याचा हा घोळ समजण्यास इटलीस जाण्याचें कारण नाहीं. आषाढ-श्रावणांत पंचगंगेचें पाणी पात्राबाहेर पसरतें, बावड्याची काळी जमीन तुडुंब भिजते, विहिरी कांठोकांठ येतात. मीटरभर जाडीचा पाण्याचा थर दूरवर पसरला तर त्यावर ठेवलेल्या यंत्रांत सुमारें ४२ मायक्रोगॅलची वाढ दिसेल. मातीच्या छिद्रांतून मुरलेलें पाणी अर्थातच याहून कमी भरेल, पण भरेल खास. म्हणजे आमच्या गांवचा गुरुत्वमापक दर पावसाळ्यांत जड व दर उन्हाळ्यांत हलका दाखवील, आणि त्यांत ज्वालामुखीचा कांहींएक संबंध नसेल. म्हणून ज्वालामुखीवरील जाणता शोधक शक्यतों दरवर्षीं एकाच ऋतूंत मापें घेतो आणि पावसाचा व विहिरींच्या पातळीचा हिशेब जवळ ठेवतो.

ज्यांनीं हें ओझें वाहिलें

हें यंत्र हातांत नेण्याजोगें झालें हा त्याचा मोठा गुण. पण त्याचाच दुसरा अर्थ असा कीं, कोणीतरी तें हातांत घेऊन तेथें गेलें पाहिजे. दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशांत पास्तो शहराच्या माथ्यावर गालेरास हा ४,२७६ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. जानेवारी १९९३ मध्यें त्याच्या अभ्यासासाठीं देशोदेशींचे शास्त्रज्ञ पास्तो येथें जमले होते. १४ जानेवारीस त्यांतील कांहींजण वर गेले. इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठांतील प्राध्यापक जेफ्री ब्राउन हे फर्नांदो क्वेंका व कार्लोस त्रुहियो या कोलंबियन सहकाऱ्यांसह विवराच्या कांठावर गुरुत्व मोजीत होते. दुपारीं पर्वत अकस्मात् फुटला. सहा शास्त्रज्ञ व तीन प्रवासी असे नऊ जण प्राणांस मुकले. हे तिघेही त्यांत होते. पायथ्याच्या शहरांतील लाखों लोकांना आधीं सूचना मिळावी, यासाठीं हे लोक त्या कांठावर उभे होते.

त्या दिवसापासून, माणसानें वारंवार वर जाण्यापेक्षां यंत्रानेंच वर राहावें, या विचाराला अधिक जोर आला. पण स्प्रिंगचें यंत्र एका जागीं महिनोन् महिने ठेवलें तर सैलावतें. त्याचा आंकडा डोंगरामुळें बदलला कीं स्प्रिंगमुळें, हें कळत नाहीं. यासाठीं स्प्रिंग मुळींच नसलेलीं यंत्रें निघालीं. एका प्रकारांत निर्वात नळींत आरसा खालीं सोडून तो किती वेगानें पडतो हें लेसरच्या किरणांनीं मोजतात. दुसऱ्या प्रकारांत अतिशीत केलेले अणूच खालीं पडूं देतात. असें एक यंत्र २०२० मध्यें सिसिलींतील एटना पर्वतावर, शिखराच्या मुखांपासून थोड्या अंतरावर बसविण्यांत आलें. तिसऱ्या बाजूनें, २०१६ मध्यें ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनीं मोबाइल फोनांत असतात तशा सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेला अगदीं लहान गुरुत्वमापक करून दाखविला. उद्देश हा कीं, महाग एका यंत्राऐवजीं स्वस्त अनेक यंत्रें डोंगरावर पेरतां यावींत. गुरुत्व पतनावरून जाणावें हें प्राचीनांचें वचन, पडणाऱ्या अणूंवरून तें मोजणाऱ्या या यंत्रांनीं अक्षरशः पाळलें आहे.

आपल्या पायांखालीं काय आहे?

आतां घरच्या प्रश्नाकडे येऊं. भूकंपाचा धक्का बसला कीं आपल्याकडे ‘जमिनींतून ज्वालामुखी निघणार’ अशी हूल उठते. तिला सर्वस्वीं निराधार कल्पना म्हणून हंसण्याचें कारण नाहीं. कारण आपला सह्याद्रि खरोखरच लाव्ह्याचा बनलेला आहे. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं येथें जमिनीला भेगा पडून लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. आजही सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश त्या काळ्या कातळानें झांकलेला आहे. पन्हाळा, जोतिबा हे डोंगर त्याचेच. प्रश्न इतकाच कीं, तो अग्नि आज जिवंत आहे काय?

येथें गुरुत्वमापकाचा उपयोग कालानुसार होणारा बदल पाहण्यासाठीं नव्हे, तर कातळाखालची रचना जाणण्यासाठीं झाला. मुंबईच्या किनाऱ्यालगत गुरुत्व अपेक्षेहून अधिक भरतें. प्राचीन उद्रेककाळीं खोलांतून वर येऊन थिजलेलें जड द्रव्य तेथें आहे, असा त्याचा अर्थ लावतात. उलट कोयनेच्या बाजूस व कुर्डुवाडीकडे तें कमी भरतें. कृष्ण ब्रह्मम् व नेगी या दोघां भारतीय शास्त्रज्ञांनीं १९७३ मध्यें यावरून असें अनुमान बांधलें कीं, लाव्ह्याच्या थराखालीं दोन प्राचीन खचदऱ्या गाडल्या गेल्या आहेत. पुढें कोयना भागांत खोल भोकें पाडण्यांत आलीं. रासाटीजवळच्या भोंकांत सुमारें ९३० मीटर काळा कातळ लागला, व त्याच्या खालीं गाळाचे थर न लागतां एकदम प्राचीन ग्रॅनाइटजातीचा खडक लागला. किल्लारीस तर कातळाची जाडी ३३८ मीटरच भरली व त्याखालीं, गाळाच्या एका पातळ थरानंतर, तसाच जुना खडक निघाला. गुरुत्व कमी भरलें एवढ्या एकाच हेतूवरून अनेक साध्यें निघूं शकतात, हा ज्वालामुखीवरचा धडा येथेंही खरा ठरतो. शेवटीं पहार मारून पाहिल्याखेरीज निर्णय नाहीं.

मात्र एक गोष्ट निश्चित झाली. या भोकांत कोठेंही शिलारस नाहीं. थिजून कोट्यवधि वर्षें लोटलेला थंड दगड आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप व ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप हे जुन्या खडकांतील भेगा सरकल्यामुळें झाले. कोयनेस जलाशयाच्या पाण्याचाही त्यांत हात आहे असें बहुतेक तज्ज्ञ मानतात. तेव्हां धक्का बसल्यास घराबाहेर मोकळ्या जागीं यावें, घरें भूकंपाला टिकतील अशीं बांधावीं. पण डोंगरांतून अग्नि निघेल या भयानें रात्री जागूं नयेत.

भारताचा जागृत ज्वालामुखी एकच, व तो समुद्रांत आहे : अंदमानांतील बॅरन बेट, पोर्ट ब्लेअरपासून सुमारें १३५ किलोमीटरांवर. सुमारें दीडशें वर्षें शांत राहून तो १९९१ मध्यें पुन्हां जागा झाला. २३ जानेवारी २०१७ रोजीं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं ‘सिंधु संकल्प’ या नौकेवरून सुमारें मैलभर अंतरावर थांबून त्याची राख व रात्रीं दिसणारे लाव्ह्याचे लाल फवारे पाहिले. नौकेवरही गुरुत्व मोजतां येतें. परंतु लाटांवर डोलणाऱ्या तक्त्यावर मिलिगॅलपर्यंतच पोंच असते, मायक्रोगॅलची नव्हे. त्यासाठीं यंत्र स्थिर भूमीवरच ठेवलें पाहिजे, आणि ज्या भूमीवर तें ठेवावयाचें तीच पेटलेली असते.

सारांश, गुरुत्वमापक हें भविष्य सांगणारें यंत्र नव्हे. तें एक साक्षीदार आहे. तो खोटें बोलत नाहीं, पण एकटा पुरेसें सांगतही नाहीं. उंची मोजणारा, भूकंप टिपणारा, वायूंची परीक्षा करणारा, व पावसाचा हिशेब ठेवणारा, इतक्यांची साक्ष जुळली म्हणजे निर्णय द्यावयाचा. आमच्या घरांतून गणित व पदार्थविज्ञान शिकणारीं मुलेंमुली पुष्कळ आहेत. बहुतेकांचें लक्ष दोन-तीन ठराविक धंद्यांकडेच लागलेलें असतें. हातांत दहा किलोंची पेटी घेऊन डोंगर चढण्याची, दिवसाकांठीं वीस आंकडे टिपण्याची, आणि तेच आंकडे तीस वर्षें न कंटाळतां पुन्हां टिपण्याची ही विद्या झगमगाटाची नाहीं. परंतु एखाद्या शहरानें आज रात्रीं निजावें कीं निघावें, हें अशाच कंटाळवाण्या आंकड्यांवरून ठरतें. तिकडे जाऊं इच्छिणाऱ्या मुलास किंवा मुलीस वडील मंडळींनीं अडवूं नये, एवढीच विनंति.